चोविसावा दाता

शनिवारी सकाळी मैत्रीने पाणचक्कीचं कुलूप काढलं आणि आत जाण्याआधी, नेहमीच्या सवयीने, इमारतीला वळसा घालून चाक बघायला गेली. चाक ओलं होतं.

ओलं म्हणजे दव पडून ओलसर झालेलं नव्हे. कप्प्याकप्प्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि चाकामागच्या दगडी भिंतीवर ओलीचा ताजा पट्टा उमटला होता. आठवडाभर नांटग्लासला पावसाचा थेंब पडला नव्हता. तळ्यातून पाणी आणणाऱ्या पाटावरचं लाकडी दार तिने स्वतः मागच्या खेपेला खाली पाडून साखळीने अडकवलं होतं. साखळी जागेवर होती, पण आकडा उलट्या बाजूने घातलेला होता.

मैत्री वासनिकच्या नजरेतून अशा गोष्टी सुटत नसत. ट्रॉयमध्ये गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती गिअरचा आवाज शोधायचं काम करायची. गाडी कुठे कुरकुरते, कुठे घुमते, कोणता दाता कोणत्या दात्यावर नीट बसत नाही, हे शोधून काढणं हा तिचा धंदाच होता. तिचा नवरा राकेश चेष्टेने म्हणायचा, "हिचे कान तिखट नाहीत, हिचा संशय तिखट आहे." मैत्री त्यावर हसायची, पण नागपुरात हॉस्टेलवर राहिलेल्या, नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय बदलतं ते बघत मोठी झालेल्या मुलीचा संशय बोथट कसा राहील, हे तिला कधी त्याला समजावून सांगावंसं वाटलं नव्हतं. तोही तशाच वस्तीतून आलेला होता, त्याला ते ठाऊक होतं.

ट्रॉयपासून दीड तासावर, मिशिगनच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांमध्ये हे नांटग्लास गाव. वेल्समधून आलेल्या काही कुटुंबांनी दीडेकशे वर्षांपूर्वी ते वसवलं आणि आपल्या मुलखात असते तशीच पाणचक्की इथे बांधली. उताराच्या पोटात खुपसून बांधलेली, जाड दगडी भिंतींची. त्यामुळे वरच्या रस्त्याने आलेली घोडागाडी सरळ तिसऱ्या मजल्यात शिरायची. धान्याची पोती तिथेच उतरायची आणि मग दाणा आपल्या वजनानेच खाली खाली येत जायचा. वर कोठारं, मधल्या मजल्यावर जाती, तळाला पीठ. इमारतीच्या एका टोकाला दाणे वाळवायची भट्टी होती, तिच्या जमिनीला भोकं पाडलेल्या विटा होत्या. वेल्समध्ये हवा इतकी दमट की ओटचं पीक शेतात वाळतच नाही, म्हणून तिकडे प्रत्येक चक्कीला भट्टी लागते. मिशिगनच्या उन्हात तिची कितपत गरज होती कोण जाणे. पण गावाकडे असते म्हणून त्यांनी इथेही बांधली. मैत्रीला त्या लोकांबद्दल पहिल्यांदा माया वाटली ती ही भट्टी पाहून.

तिचे बाबा औरंगाबादला नागसेनवनात शिकले होते, आणि कॉलेजच्या शेजारच्या पाणचक्कीच्या गोष्टी सांगायचे. तिथलं चाक पाण्यात आडवं फिरायचं आणि सरळ वरचं जातं फिरवायचं. इथलं चाक उभं होतं, दोन पुरुष उंच, वरून पाणी पडून फिरणारं. त्याचा आस भिंतीतून आत यायचा. आत खड्ड्यात एक लोखंडी दातेरी चाक, ते उभ्या लाकडी खांबाला फिरवायचं, त्या खांबावर छताजवळ बसवलेलं एक भलं मोठं आडवं चाक, आणि त्या मोठ्या चाकाला बिलगलेली छोटी लोखंडी चाकं, म्हणजे पिनियन. एकेक पिनियन वरच्या मजल्यावरचं एकेक जातं फिरवायचं. मोठ्या चाकाचे दाते मात्र लाकडाचे होते, सफरचंदाच्या झाडाचे, एकेक कोरून खाचेत ठोकलेले. लोखंडावर लोखंड घासलं तर ठिणगी उडते, आणि पिठाच्या धुरळ्यात ठिणगी म्हणजे आग. शिवाय काही अडकलं तर लाकडाचा दाता तुटतो, बाकीची यंत्रणा वाचते.

गोष्ट अशी होती की ते दाते तुटत होते.

चक्की अनेक वर्षं बंद होती. ती दुरुस्त करून पुन्हा चालू करायची म्हणून गावाने एक ट्रस्ट काढला, आणि त्या ट्रस्टवर पुरुषोत्तम काका होते. गाड्यांच्या पत्र्याचे साचे बनवण्यात जन्म घालवलेले, निवृत्त, ट्रॉयच्या मराठी मंडळात सगळ्यांचे काका. जुन्या यंत्रांचं त्यांना वेड. एका जात्याचं पिनियन झिजलं होतं, ते त्यांनी ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये नवं बनवून घेतलं आणि ट्रस्टला भेट दिलं. मैत्रीलाही त्यांनीच इथे आणलं. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "मैत्री... आडनाव काय म्हणालीस?"

"वासनिक."

"अच्छा. नागपूर." एवढंच म्हणून ते पाणचक्कीबद्दल बोलू लागले होते. त्या 'अच्छा'चा अर्थ काय लावायचा, हे मैत्रीला अजून ठरवता आलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा पाणी सोडून चक्की चालवली, तेव्हा थोड्या वेळात खाडकन आवाज झाला आणि मोठ्या चाकाचे दोन दाते उडाले. आदल्या दिवशी दात्यांना चरबी लावायचं काम मैत्रीने एकटीने केलं होतं. ट्रस्टची अध्यक्ष कॅरल फार गोड बाई. तिने गोड आवाजातच विचारलं, "तू निघालीस तेव्हा आत एखादा पाना, एखादा बोल्ट राहिला नव्हता ना?" मैत्री नाही म्हणाली. कॅरल म्हणाली, "अर्थात, अर्थात." त्यानंतर प्रत्येक कामाच्या वेळी कॅरल कुठे ना कुठे जवळपास असायचीच.

पुरुषोत्तम काकांनी फोन करून धीर दिला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. किल्ल्या तिघांकडेच आहेत. कॅरल, तू आणि ग्लेनिस. मी काही म्हणत नाही, पण जरा लक्ष ठेव."

ग्लेनिस पॅरी ही चक्की बांधणाऱ्याच्या वंशातली. वय सत्तरीच्या पुढे, उभा जन्म शाळेची बस चालवलेली, बोलणं मोजकं आणि तुटक. नवी माणसं, नवं पिनियन, तिकीट लावायचा बेत, काहीच तिला पसंत नव्हतं, आणि ते ती लपवत नव्हती.

आज त्या ओल्या चाकासमोर उभं राहिल्यावर मैत्रीच्या डोक्यात सगळं जुळायला लागलं. ग्लेनिस थोड्या वेळाने आली, तेव्हा मैत्रीने तिला गाठलं.

"चाक ओलं कसं झालं?"

ग्लेनिसने चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "धुकं असेल."

"पाटाच्या साखळीला कोणी हात लावला होता?"

"मला काय माहीत." असं म्हणून ती वर कोठारात निघून गेली. तिच्या रबरी बुटांचे ओले ठसे दगडी पायऱ्यांवर उमटत गेले. मैत्री त्या ठशांकडे बघत राहिली. तळ्याच्या काठचं हिरवं शेवाळ त्यांच्यात होतं.

घरी राकेशने सगळं ऐकून घेतलं. "सोड ना यार," तो म्हणाला. "कोणाची चक्की, कोणाचे दाते. उद्या काही झालं तर नाव तुझंच येणार. ती म्हातारी गावची आहे, कॅरल गावची आहे."

"म्हणूनच तर सोडता येत नाही," मैत्री म्हणाली. "मी आता सोडलं तर मीच केलं असंच होईल."

पुढच्या आठवड्यात तिने अर्धा दिवस सुटी टाकली. कोणाला न सांगता नांटग्लासला गेली, गाडी चर्चच्या मागे लावली आणि भट्टीच्या कोपऱ्याआड उभी राहिली. भर दुपार होती. फार थांबावं लागलं नाही. ग्लेनिस वरच्या रस्त्याने चालत आली, इकडेतिकडे पाहिलं, साखळी सोडली आणि दाराचा दांडा दोन्ही हातांनी वर उचलला. पन्हळीतून पाणी चाकावर पडलं. चाक कुरकुरलं, थोडंसं फिरलं. ग्लेनिसने लगेच दार पाडलं, चाक थांबेपर्यंत बघत राहिली, आणि साखळी लावून निघून गेली. आकडा उलट्या बाजूने.

मैत्रीच्या फोनमध्ये सगळा व्हिडिओ आला होता.  सापडली, असं तिला वाटलं. आणि त्या वाटण्यात आनंद किती होता, हे तिला नंतर फार दिवस आठवत राहिलं. विमा कंपनीचा नियम होता की दोन माणसं हजर असल्याशिवाय चाक हलवायचं नाही. तिने गाडीत बसूनच व्हिडिओ कॅरलला आणि पुरुषोत्तम काकांना पाठवला.

कॅरल त्याच संध्याकाळी ग्लेनिसकडे गेली आणि किल्ली घेऊन आली; पाटाच्या साखळीलाही तिने कुलूप घातलं.  ग्लेनिसने म्हणे किल्ली गळ्यातल्या दोरीतून काढली आणि दिली. काकांचा फोन आला. "शाब्बास. तुझं काम चोख असतं. चला, आता विषय संपला."

विषय संपला नाही. नवे दाते बसवून जूनमध्ये पुन्हा पाणी सोडलं. कॅरल होती, मैत्री होती, गावातले दोघेचौघे होते. ग्लेनिस चक्कीच्या आसपासही नव्हती. जातं फिरू लागलं, वरच्या मजल्यावर घरघर सुरू झाली, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि खाडकन आवाज झाला. तिसरा दाता उडाला. दिव्याच्या उजेडात लाकडाचा पांढरा तुकडा जमिनीवर घरंगळत गेला आणि मैत्रीच्या पायाशी थांबला.

कॅरलने तो उचलला. मग तिने मैत्रीकडे पाहिलं. या खेपेला 'अर्थात' म्हणाली नाही.

घरी जाताना पूर्ण रस्ताभर मैत्री एकच गोष्ट मनात घोळवत होती. ग्लेनिसकडे किल्ली नव्हती. कॅरल? कॅरलने एवढी वर्षं घासून ट्रस्ट उभा केला, ती कशाला मोडेल? मग उरली कोण? उरली मैत्री. एका क्षणी तिला खरोखरच शंका आली, की आपल्याच हातून काही होतंय का, आपल्याला कळत नाहीये का? तिने गाडी रस्त्याकडेला थांबवली. माणसांवरचा संशय माणसांभोवतीच फिरतोय, ती स्वतःला म्हणाली. यंत्राला कोणी काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीत परवानगी काढून आवाज टिपायचं सामान उचललं, राकेशला सोबत घेतलं आणि कॅरलला सांगितलं, "तू पण ये. समोर उभी राहा." तुटलेल्या दात्याच्या जागी तात्पुरता दाता ठोकला. पाणी अगदी थोडं सोडलं, जातं वर उचलून मोकळं ठेवलं, म्हणजे भार नको. मैत्रीने खांबाला सेन्सर चिकटवले आणि कानाला हेडफोन लावून बसली.

घरघर, घरघर, आणि मध्ये एक बारीकसा ठोका. पुन्हा घरघर, पुन्हा ठोका. अगदी तालात. पिनियनच्या एका फेरीला एक ठोका.

"थांबव," ती ओरडली. राकेशने दार पाडलं. तिने खडू घेतला आणि ठोका बसला त्या जागी मोठ्या चाकावर खूण केली. पुन्हा चालवलं, पुन्हा थांबवलं, पुन्हा खूण. मोठ्या चाकाच्या एका फेरीत चार खुणा झाल्या. त्यांतल्या तीन खुणा नेमक्या तीन तुटलेल्या दात्यांच्या जागी होत्या. चौथ्या दात्यावर तिने बोट फिरवलं. लाकूड चेपलेलं होतं. पुढच्या वेळी हा गेला असता.

"कोणी मुद्दाम तोडले असते तर असे बरोबर चार कोपऱ्यांवर तोडले असते का?" तिने कॅरलला विचारलं.

कॅरल खुणांजवळ आली. "मग कोणी तोडले?"

मैत्री पिनियनचे दाते मोजत होती. चोवीस. मोठ्या चाकाचे शहाण्णव. तिने पुन्हा मोजले. शहाण्णवाला चोवीसने बरोबर भाग जातो. म्हणजे पिनियनचा प्रत्येक दाता मोठ्या चाकाच्या त्याच चार दात्यांना भेटत राहणार, जन्मभर. नव्या पिनियनचा एक दाता किंचित जाड निघाला होता, आणि तो त्याच चौघांना मारत बसला होता.

"जुनं पिनियन कुठे आहे?"

ते भट्टीच्या खोलीत सापडलं. कोणीतरी दार अडवायला ठेवलं होतं. राकेशने ते गुडघ्यावर टेकवून धरलं आणि मैत्रीने गंजावरून बोट फिरवत मोजलं. तेवीस.

"एक कमी," राकेश म्हणाला. "चुकले होते का ते लोक?"

"नाही रे. चुकले नव्हते. तेवीस ठेवले की भाग जात नाही. मग प्रत्येक दाता फिरून फिरून सगळ्यांना भेटतो. एखादा वाईट असला तरी त्याचा मार सगळ्यांमध्ये वाटला जातो. झीज सारखी होते. गाड्यांच्या गिअरमध्ये आम्ही आजही हेच करतो." ती गंजलेल्या लोखंडाकडे बघत होती. "ज्याने नवं बनवून घेतलं त्याने एक दाता वाढवला."

रविवारी ती एकटीच पुरुषोत्तम काकांच्या घरी गेली. मीनाक्षी काकूंनी दार उघडलं. "अगं, ये ये. चहा टाकते, बस." काका हॉलमध्ये बसले होते. मैत्रीने फोनमधले फोटो त्यांच्या पुढे ठेवले.

"काका, जुन्या पिनियनला तेवीस दाते होते."

"हो, असतील." त्यांनी चष्मा लावला. "मला वाटलं, जुन्या लोकांचा हिशेब चुकला. शहाण्णवाला चोवीस सुबक बसतात. बेअरिंग जरा मागे सरकवलं की झालं. माझं काम पत्र्याचं, गिअरमधलं मला एवढं नाही कळत."

तिला ते पटलं. इथवर तर चूकच होती, प्रामाणिक चूक. पण काकांनी फोटोकडे फार वेळ पाहिलं नव्हतं. नवीन काही दिसल्यावर माणूस जसं पाहतो, तसं नव्हतं ते.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पहिले दोन तुटले ना, तेव्हा. वर्कशॉपवाल्याला विचारलं, तर तो हसला माझ्यावर."

"एप्रिलमध्ये."

"हो."

"आणि तुम्ही मला ग्लेनिसवर लक्ष ठेवायला सांगितलंत."

"मी तिचं नाव दोष देऊन घेतलं नव्हतं. नुसतं म्हटलं, लक्ष ठेव." मग ते पुढे झुकले, आवाज खाली आणला. "हे बघ, चक्कीच्या दारावर देणगीचा दगड बसवणार आहेत, माझ्या आईच्या नावाचा. मी गुपचूप दुसरं पिनियन बनवून आणतो, कोणाला कळायचं कारण नाही. एवढी वर्षं काढली इथे. आपल्या माणसांचंच नाव खराब होतं गं. तू तरी समजून घे."

मैत्रीला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. राग आला नाही. एक थंड, जुनी गोष्ट वर आली.

"काका, एप्रिलपासून कॅरल माझ्याकडे चोरासारखं बघतेय. तुम्हाला ते दिसत होतं. तेव्हा मी कोणाची माणूस होते?"

 दारात मीनाक्षी काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "मला तर सांगितलंत लाकूड खराब निघालं म्हणून," त्या म्हणाल्या. चहा तसाच टेबलावर ठेवून त्या आत गेल्या.

"बुधवारी मीटिंग आहे," मैत्री उठली. "तुम्ही सांगितलंत तर मी बोलणार नाही. नाही सांगितलंत तर मी सांगेन."

घरी न जाता ती सरळ नांटग्लासला गेली. ग्लेनिस ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. तिने मैत्रीला बस म्हटलं नाही. मैत्रीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दाते, पिनियन, चार खुणा. आणि शेवटी व्हिडिओ. "तुम्हाला न विचारता पाठवला. चुकलं माझं."

"तू विचारलं होतंस," ग्लेनिस म्हणाली. "मी खोटं बोलले. धुकं म्हणाले." तिने एक शेंग फोडली. "पण तू पोलिसासारखी विचारत होतीस. मला वाटलं, ही कारवाल्यांची बाई, हिला पाण्याऐवजी मोटर बसवायला पाठवलंय. माझ्याविरुद्ध काही सापडलं की मला बाजूला काढतील."

"पण चाक का फिरवत होतात?"

ग्लेनिसने तिच्याकडे असं पाहिलं, जणू लहान मूल विचारतंय. "लाकडाचं चाक एका जागी उभं राहिलं की खालची बाजू पाणी पिते, वरची वाळते. एक बाजू जड होते. मग फिरायला लागलं की गचके खातं, आणि ते गचके आतपर्यंत जातात. माझे वडील एक दिवसाआड थोडं फिरवायचे. नियम आला तेव्हा मी कॅरलला सांगितलं. ती म्हणाली, विम्याला विचारते. मग विचारायचं राहून गेलं." तिने पुढची शेंग उचलली. "किल्ली गेल्यापासून तुमच्या चाचणीपर्यंत तीन आठवडे ते उभं होतं."

मैत्रीला खाली बघावं लागलं. ते तीन आठवडे तिने केले होते.

"बस," ग्लेनिस म्हणाली. शेंगांची अर्धी परडी तिने मैत्रीकडे सरकवली. पण चेहरा काही सैल झाला नव्हता.

बुधवारी मीटिंगला काका आले. मीनाक्षी काकू त्यांना गाडीने घेऊन आल्या होत्या, आणि बाहेर न थांबता मागच्या खुर्चीवर येऊन बसल्या. काकांनी उभं राहून, इंग्रजीत, फार व्यवस्थित सांगितलं. नव्या पिनियनमध्ये डिझाइनची एक त्रुटी राहून गेली, ती आता लक्षात आली, आपण स्वखर्चाने बदलून देऊ. लोकांनी माना हलवल्या. कॅरल म्हणाली, "म्हणजे कोणाचीच चूक नव्हती. किती बरं झालं."

मैत्रीने हात टेबलावर ठेवले. ती बोलणार होती. पण मागून मराठीत आवाज आला, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पूर्ण सांगा."

खोलीत इतर कोणालाच शब्द कळले नाहीत, पण सगळे मागे वळले.  काकांनी पुढचं सांगितलं. एप्रिलपासून ठाऊक होतं, हे. ग्लेनिसकडे संशय आपणच वळवला, हे. मैत्रीवर बोट येत असताना गप्प बसलो, हेही. या खेपेला इंग्रजी तितकं व्यवस्थित नव्हतं. बसताना त्यांनी खुर्ची चाचपली.

कॅरल लाल झाली होती. ती मैत्रीला काहीतरी म्हणायला लागली, तेव्हा मैत्री म्हणाली, "मला नंतर म्हण. आधी ग्लेनिसची किल्ली." कॅरल तशीच उठली.

तेवीस दात्यांचं पिनियन ऑगस्टअखेर आलं. काकांनीच आणवलं, पण वर्कशॉपवाल्याच्या हाती पाठवलं. स्वतः आले नाहीत. दारावर दगड बसला नाही. त्यांनी ट्रस्टचा राजीनामा दिला आणि मराठी मंडळात तब्येतीचं कारण सांगितलं. काही लोक मैत्रीशी जरा जपून बोलू लागले, एका बाईंनी तर विचारलं, "एवढं ताणायची गरज होती का गं?"  कॅरलने लेखी माफी मागितली, मैत्रीने ती वाचली आणि ठीक आहे म्हणाली. पण त्यानंतरही चक्कीत एकटी काम करताना पाठीमागचं दार वाजलं की तिची मान आपोआप वळायची.

सप्टेंबरमध्ये चक्की चालली. चाकाची एक बाजू थोडी जड होतीच, ती सारखी व्हायला हिवाळा लागेल, असं ग्लेनिस म्हणाली. तिने भट्टीत मंद आचेवर वाळवलेले ओट पेरणीच्या चाड्यासारख्या लाकडी चाड्यात ओतले. दाणे थरथरत जात्याच्या तोंडात पडू लागले, आणि खालच्या मजल्यावर कोमट, भुरकट पीठ पन्हळीतून उतरलं. ग्लेनिसने चिमूट घेतली, अंगठ्याने बोटावर घासली, मान हलवली. "अजून जाड आहे," म्हणून ती जातं खाली आणायला गेली.

तेवढ्यात मैत्रीचा फोन वाजला. मीनाक्षी काकूंचा होता.

"चालू झाली का गं?"

"झाली, काकू. ऐका." तिने फोन मोठ्या चाकाजवळ धरला. चाक फिरत होतं. लोखंडावर लाकडाचा मऊ, भरीव आवाज, एकसारखा, कुठे न अडणारा. तिने बराच वेळ धरून ठेवला आणि मग फोन कानाला लावला.

पलीकडे काकू नव्हत्या. कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, जड आणि सावकाश. काका असणार, हे तिने ओळखलं.  तिला फोन ठेवता आला असता. तिने तो पुन्हा चाकाजवळ धरला आणि वरून ग्लेनिस हाका मारायला लागेपर्यंत तसाच धरून ठेवला.